फायबरला काही होत नाही म्हणे!



गेल्या महिन्यात पुण्याला नात्यातला एक साखरपुडा होता. जेवणं झाली, विडे झाले आणि मग आपल्याकडे नेहमी होतं तेच झालं. जो हजर नाही त्याचा विषय निघाला. हजर नव्हता माझा भाचा, दादाचा धाकटा. रविवार होता आणि तो रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठी आपल्या जुन्या शिडाच्या बोटीला पॉलिश पेपर घासत बसला होता.

झालं! प्रत्येकाला मत होतं. "फायबरची बोट ना ती? मग तिला एवढं काय करायचंय? फायबरला काही होत नाही." हे एक. "चाळीस वर्षांचं धूड ते. भंगारात काढ म्हणावं आणि पैसे साठवून नवी घे." हे दुसरं. तिसरं मात्र मला फार लागलं. "एवढा इंजिनियर झाला, आणि मजुरासारखा घासत बसतो. आत्या, तुमचं ऐकतो तो, तुम्ही तरी सांगा."

दुसऱ्याचं शुभकार्य होतं, म्हणून मी गप्प बसले. छत्तीस वर्षं वर्गात बोलण्यात गेली, गप्प बसायची सवय नाही. आता इथे बोलते. नातेवाईक मंडळी हे वाचतात हे मला ठाऊक आहे. वाचावंच.

आधी एक कबुली. बोटीतलं मला काही कळत नव्हतं. मी सोलापूरची, समुद्र माझ्यापासून चारेकशे किलोमीटरवर. पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, हिप्परग्याचा तलाव आणि नळाला चार-पाच दिवसांनी येतं ते. पण फेब्रुवारीत भाच्याने हट्टाने बोट दाखवायला नेलं. दोन दिवस राहिले, प्रश्न विचारले, वहीत लिहून घेतलं. तेव्हा जे लिहिते आहे ते नुसतं ऐकीव नाही.

आता पहिलं विधान. फायबरला काही होत नाही.

फायबरग्लास म्हणजे काय ते आम्हा सोलापूरकरांना खरं तर लगेच कळायला हवं, कारण ते मुळात कापड आहे. काचेचे केसासारखे बारीक तंतू काढतात. त्यांचं उभ्या-आडव्या धाग्यांचं कापड विणतात किंवा तुकडे पसरून नमद्यासारखी मॅट करतात. साच्यात थरावर थर घालायचे आणि प्रत्येक थर रेझिनमध्ये भिजवायचा. रेझिन वाळून घट्ट झालं की बोट तयार. थोडक्यात, काचेची वाकळ! आणि वाकळीचं जे होतं तेच तिचं होतं. वापरली की विरते. वेळेवर टाका घातला तर टिकते, नाही घातला तर एका भोकाचं भगदाड होतं.

बाहेरून जो गुळगुळीत, चकचकीत थर दिसतो त्याला जेलकोट म्हणतात. तो जेमतेम अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतो. उन्हाने तो खडूसारखा पांढरा पडतो, हात लावला की पूड येते. ती बोटाला लागली तेव्हा मला थेट फळा पुसल्याची आठवण झाली. पाण्याखालच्या भागात वेगळंच दुखणं. वर्षानुवर्षं पाण्यात राहिल्यावर ओलावा हळूहळू थरांत झिरपतो, आत आंबट वासाचा द्रव साठतो आणि बाहेर फोड येतात. भाच्याने एक फोड स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने फोडून दाखवला. चिळकांडी उडाली. अंगावरच्या गळवासारखंच.

सगळ्यात वाईट दुखणं तर दिसतच नाही. डेक हलका आणि ताठ राहावा म्हणून फायबरच्या दोन थरांमध्ये बाल्सा नावाचं हलकं लाकूड किंवा प्लायवूड घालतात. डेकवर जिथे जिथे बोल्ट मारलेला आहे, तिथला सीलंट दहा-पंधरा वर्षांत कडक होऊन तडकतो. मग थेंब थेंब पाणी आत जातं आणि दोन्ही थर शाबूत दिसत असताना मधलं लाकूड कुजून भिजलेल्या भुशासारखं होतं. ओळखायचं कसं? छोट्या हातोडीने ठोकत जायचं. चांगल्या जागी टणटणीत आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द. आपण माठ घेताना टिचकी मारून बघतो ना, अगदी तसं. भाच्याने खडूने बद्द आवाजाच्या जागांभोवती गोल काढले होते. सात गोल होते. सातही ठिकाणी वरचा थर कापायचा, कुजका भाग खरवडून काढायचा, आठवडे-महिने सुकू द्यायचं, नवा गाभा भरायचा आणि वरून पुन्हा काचेचं कापड चढवायचं.

आणि भोकावर नुसतं ठिगळ चिकटवून भागत नाही. कडा उतरत्या घासाव्या लागतात, जाडीच्या बारापट अंतरापर्यंत. म्हणजे सहा मिलिमीटर जाडी असेल तर भोकाच्या चारही बाजूंनी सात सेंटिमीटरची उतरण. मग लहानापासून मोठ्या तुकड्यापर्यंत एकेक थर. नाहीतर ठिगळ नेमकं गरजेच्या वेळी सुटतं. ज्यांनी कधी चादर रफू केली आहे त्यांना हे शिकवावं लागत नाही. फाटलेल्या जागेच्या पुढे चांगल्या कापडात दोन बोटं टाका न्यावा लागतो.

तर "फायबरला काही होत नाही" हे वाक्य म्हणजे दुकानदाराचं वाक्य. विकून झालं की त्याची जबाबदारी संपली. फायबर लाकडासारखं कुजत नाही, लोखंडासारखं गंजत नाही, एवढं खरं. पण त्याच्या आतलं लाकूड कुजतं आणि त्याला धरून ठेवणारं पोलाद गंजतं. आणि "काही होत नाही" म्हणून कोणी बघतच नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा रोग.

दुसरं विधान. भंगारात काढ.

मंडळी, लोखंड भंगारात जातं कारण ते वितळतं. तांबं-पितळ जातं. आपली बारदान-रद्दीसुद्धा जाते. फायबरग्लास वितळत नाही! रेझिन एकदा घट्ट झालं की ते पुन्हा पातळ होत नाही, जाळलं तर विषारी धूर होतो आणि काच मागे उरते. त्यामुळे अशा बोटीला भंगारवाला हात लावत नाही. तो मास्ट, कीलचं शिसं, पितळी वस्तू काढून नेतो आणि उरलेला सांगाडा चिखलात पडून राहतो. त्या खाडीकाठी मी असे तीन सांगाडे पाहिले. एकातून तर झाड उगवलं होतं. फ्रान्ससारख्या देशाला २०१९ पासून जुन्या बोटी मोडण्याची देशभर व्यवस्था उभारावी लागली आणि तिच्या खर्चाचा वाटा नव्या बोटींच्या विक्रीतून घ्यावा लागला. आपल्याकडे "भंगारात काढ" याचा अर्थ "कोणाच्या तरी किनाऱ्यावर टाकून दे" एवढाच होतो. मग जी वस्तू जाळता येत नाही, वितळवता येत नाही, ती नीट सांभाळणं हे खूळ की शहाणपण?

"जुन्या बोटीत दम नसतो" म्हणणाऱ्यांसाठी दोन उदाहरणं.

आपल्या लष्कराच्या इंजिनियर्स कोअरचे लोक १९८५ मध्ये शिडाच्या बोटीने पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले, भारतीयांची ही पहिलीच. बोटीचं नाव 'तृष्णा'. जेमतेम ३७ फुटी, फायबरग्लासची, विलायतेत घेतलेली आणि तीही आधी दुसऱ्यांनी वापरलेली. २८ सप्टेंबर १९८५ ला इंग्लंडहून निघाली आणि जग फिरून १० जानेवारी १९८७ ला मुंबईला पोचली.

दुसरं ताजं. कमांडर अभिलाष टॉमी. 'म्हादेई'वरून १ नोव्हेंबर २०१२ ला मुंबईहून निघून कुठेही न थांबता, एकटे, ३१ मार्च २०१३ ला मुंबईत परत आले ते. ('म्हादेई' गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधली. तिच्यावरूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने प्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. आणि हे सगळं ज्यांच्या डोक्यातून निघालं ते ॲडमिरल मनोहर आवटी राहायचे कुठे? फलटणजवळ विंचुर्णीला, आपल्यासारख्याच कोरड्या मुलखात! "सोलापूरच्या बाईचा समुद्राशी काय संबंध" म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.) तर हे टॉमी २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत वादळात सापडून पाठीला जबर जायबंदी झाले, आणि तरी २०२२ मध्ये पुन्हा त्याच शर्यतीला उतरले. या शर्यतीचा नियमच असा की बोट १९८८ च्या आधीच्या आराखड्याची, ३२ ते ३६ फुटी हवी. शर्यतीच्या तोंडावर, ऑगस्टमध्ये, त्यांच्या 'बायानात' या फायबरग्लासच्या बोटीला मालवाहू जहाजाची धडक बसली आणि पुढची बाजू मोडली. ती दुरुस्त झाली, आणि ४ सप्टेंबरला ते वेळेवर निघाले. वाटेत वाऱ्यावर चालणाऱ्या सुकाणूचं पातं मोडलं, तर त्यांनी शौचालयाचं दार कापून पातं केलं. सोळा जण निघाले होते. कुठेही न थांबता प्रदक्षिणा पुरी करणारे तीनच. टॉमी २३६ दिवसांनी, २९ एप्रिल २०२३ ला, दुसरे आले. तीन जण पोचले ते बोट नवी होती म्हणून नव्हे. एकटं असताना मोडलेलं जोडता येत होतं, हेही त्यात होतंच.

आता जी भीती आहे ती मी हसण्यावारी नेणार नाही. वहिनी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मला खर्चाचं काही नाही हो, पण उजनीचं आठवतं." मलाही आठवतं. २१ मे २०२४ ची संध्याकाळ. करमाळ्याकडच्या कुगावहून इंदापूरकडच्या कळाशीला येणारी होडी वादळी वाऱ्यात उजनीच्या पाण्यात उलटली आणि सहा जण गेले. त्यांत लहान मुलं होती. ज्या धरणाचं पाणी आम्ही पितो तेच ते. त्यानंतर आमच्या घरात होडी हा शब्द काढला की सगळे गप्प होतात.

पण वहिनी, भीती वाटते म्हणूनच सांगते. जो माणूस हातोडीने टकटक करत बोट इंच इंच तपासतो, त्याची भीती कमी बाळगा. जो चकचकीत रंग बघून आत बसतो त्याची जास्त बाळगा. मी भाच्याला शिक्षिकेसारखं उभं करून विचारलंय. मास्टला धरणाऱ्या पोलादी तारा कधीच्या? सगळ्या बदलल्या, कारण त्यांना दहा-पंधरा वर्षांनी बदलायचंच असतं. स्टेनलेस पोलाद वरून चकाकतं आणि जिथे हवा लागत नाही तिथे आतून चिरतं. तळाला पाणी आत-बाहेर करायची भोकं असतात, त्यांच्या तोट्या? दोन अडकल्या होत्या, चारही नव्या घातल्या. कीलचे बोल्ट? एक काढून सर्व्हेअरला दाखवला. लाइफ जॅकेट? आहेत, आणि घालून बसायची, नुसती ठेवायची नाहीत. पावसाळ्यात? बोट पाण्याबाहेर. मला तरी एवढी उत्तरं पुरली.

आणि प्रामाणिकपणे हेही सांगते, की प्रत्येक जुनी बोट वाचवावी असं माझं म्हणणं नाही. सगळा गाभाच कुजला असेल, कील हलत असेल तर मोह सोडावा. खर्चही कमी नाही. बोट घेतली जुन्या मोटारसायकलच्या भावात आणि दोन वर्षांत तिच्या दुप्पट तिच्यावर घातले, हे तो स्वतःच सांगतो. पण त्याने आधी जाणकाराला दाखवलं, हिशेब मांडला आणि मग हात घातला. मत देणाऱ्यांपैकी एकाने तरी बोट पाहिली आहे का?

आता तिसरं विधान. मजुरासारखा घासत बसतो.

इथे मला दुसऱ्या कोणाच्या आधी स्वतःचे कान धरायचे आहेत. नववीच्या वर्गात एक मुलगा होता. भूगोलाच्या तासाला वहीखाली सायकलची चेन उघडून बसायचा. मी त्याला सगळ्या वर्गासमोर म्हटलं होतं, "अभ्यास कर, नाहीतर जन्मभर हात काळे करत बसशील." मुलं हसली. मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आज तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत फायबरचं वर्कशॉप चालवतो. कूलरच्या बॉडी, बाथरूमची दारं, पाण्याच्या टाक्या. नऊ माणसांना काम देतो.

मार्चमध्ये भाच्याचा फोन आला. मगभर रेझिन कालवलं, दहा मिनिटांत ते तापून धूर यायला लागला आणि मगच वितळला! मला हा विद्यार्थी आठवला. संकोच वाटला, पण फोन केला. त्याने भाच्याला पाऊण तास शिकवलं. थोडंच कालवायचं, खोल भांड्यात ठेवायचं नाही, परातीत पसरायचं म्हणजे उष्णता निघून जाते. उन्हाळ्यात पहाटे काम करायचं. हार्डनर आणि कोबाल्ट कधीही एकमेकांत थेट मिसळायचं नाही, स्फोट होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये ढवळायचं, मगच हार्डनर. काचेची धूळ फुफ्फुसात जाते, मास्क लावल्याशिवाय ग्राइंडर हातात घ्यायचा नाही. हवेत दमटपणा असेल त्या दिवशी काम बंद. शेवटी म्हणाला, "बाई, हात काळे नाही होत यात, पांढरे होतात." त्याला ते वाक्य पस्तीस वर्षं लक्षात होतं. मी माफी मागितली. तो हसला आणि म्हणाला, "राहू द्या हो बाई." पण ते राहू देण्यासारखं नाही.

कारण ही माझ्या एकटीची चूक नव्हे. आपण सगळे शिकलेले लोक हेच करतो. नवीन घेणारा हौशी आणि जुनं सांभाळणारा चिक्कू. बांधणारा कर्तबगार आणि दुरुस्त करणारा मजूर. उद्‌घाटनाला फीत, नारळ, कोनशिला. देखभालीला ना फीत ना नारळ ना पैसे. मी ज्या शाळांत शिकवलं त्यांतल्या एका शाळेत प्रयोगशाळेचं उद्‌घाटन थाटात झालं. पुढे छताची एक गळकी जागा कोणी बुजवली नाही आणि सहा वर्षांत कपाटं कुजली. कोनशिला मात्र अजून शाबूत आहे.

किनाऱ्यावरचे कोळी आपल्यापेक्षा शहाणे. त्यांच्या भाषेत याला शब्दच आहे, शाकारणी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. नौका ओढून वर घ्यायच्या, झाकायच्या, तपासायच्या, जाळी विणायची, इंजिन उघडायचं. मग नारळी पौर्णिमेला नारळ, आणि मग समुद्र. आधी दुरुस्ती, मग पूजा! आमच्याकडे विणकर खंडेनवमीला माग पुसून पूजतात, ते तरी दुसरं काय आहे? देखभाल त्यांच्या पंचांगात आहे. आपल्या पंचांगात फक्त खरेदीचे मुहूर्त.

तर भाच्याला मी काय सांगितलं? तुम्हाला हवं होतं ते नाहीच. मी त्याला म्हटलं, काम अर्धवट सोडू नकोस, आणि उतरण बारापटीपेक्षा कमी ठेवू नकोस.

आता पावसाआधी तो बोट झाकून ठेवेल आणि दिवाळीनंतर पुन्हा सुरुवात करेल. सातपैकी पाच गोल पुरे झाले आहेत. त्याला सल्ल्यांची गरज नाही, पण एका गोष्टीची फार गरज आहे. जुन्या सुती चिंध्या. रेझिन पुसायला दिवसाला ढीगभर लागतात. नातेवाईक मंडळींनी घरातली फाटकी धोतरं, साड्या, सोलापुरी चादरी धुऊन माझ्याकडे पाठवाव्यात, मी पार्सल करीन. ज्यांना अजूनही "भंगारात काढ" म्हणायचं असेल त्यांनीही म्हणावं, पण आधी एकदा जाऊन, हातोडी घेऊन, ती बोट ठोकून यावं.

प्रतिक्रिया जरूर कळवा. विरोधी असली तरी चालेल. माठ ठोकल्याशिवाय कळत नाही!